पुढच्या चाकांचा प्रश्न

सगळं ठरलं होतं. जमीन घेतली होती, उताराची का होईना. कागद झाले होते. वरच्या सपाटीवर घर कुठे बांधायचं तिथे चार खुंट्याही ठोकून झाल्या होत्या, आणि त्यातली एक कुणीतरी उपटून नेल्यावर परत ठोकून झाली होती. घोडं अडलं होतं ते फक्त पुढच्या चाकांवर.

जमीन साडेपाच एकर. खाली ओहोळ, मध्ये दलदलीचा एक पट्टा, आणि त्याच्या वर चढण चढून गेलं की घराची जागा. रस्ता नाही. आधी रस्ता कापायचा, दलदलीतलं पाणी काढून द्यायला चर खणायचे, मग वर पाया, आणि आईच्या हट्टाखातर या सगळ्याच्या आधी संडासाच्या टाकीचा खड्डा. आईचं म्हणणं असं की घर नसताना माणूस चार दिवस काढू शकतो. अशा कामाला मागे खोदणारा हात आणि पुढे माती उचलणारी बकेट असलेलं मशीन लागतं. म्हणजे कुठल्याही कंपनीचं असलं तरी लोक ज्याला जेसीबीच म्हणतात, ते. काम चांगलं दोन वर्षांचं होतं, त्यामुळे जुनं का होईना, स्वतःचं मशीन घ्यायचं यावर घरात एकमत होतं. दोन चाकांना जोर असलेलं घ्यायचं की चारही चाकांना, यावर मात्र घरात माणसं तीन आणि मतं चार होती. चौथं मत मामाचं होतं. तो त्या घरात राहत नव्हता, पण त्याची मतं राहत होती.

घरातले पहिले माणूस म्हणजे वडील. त्यांना सगळे उस्ताद म्हणत; बँकेतला शिपाईसुद्धा. एकतीस वर्षं ते मशीनवर ऑपरेटर होते. या काळात त्यांनी लोकांचे पाये खोदले, चर खोदले, तळी खोदली, दोनदा पाण्याची मुख्य लाइन खोदली आणि एकदा एका शाळेचं अख्खं पटांगण खोदलं, जे खरं तर शेजारच्या शाळेचं खोदायचं होतं. स्वतःच्या जमिनीत मात्र त्यांनी एक बकेटही मारली नव्हती, कारण मारायला जमीनच नव्हती. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं, घड्याळ दिलं आणि पुढे काय करणार म्हणून विचारलं, तेव्हा उस्ताद एवढंच म्हणाले, "आता एक खड्डा आपला." साहेबांना ते जरा अशुभ वाटलं. पण उस्तादांना खरोखर खड्डाच म्हणायचं होतं. आयुष्यभराची त्यांची एवढीच एक हौस उरली होती, आणि जमीन त्यापायीच घेतली होती.

दुसरं माणूस म्हणजे मुलगी. तिला उस्तादांनी लहानपणीच फूटपट्टी हे नाव ठेवलं होतं, कारण ती भाकरतुकडा वाटून घेतानाही कडा जुळवून बघायची. मोठेपणी ती एका कचेरीत नकाशे काढायला लागली. नऊ वर्षांत तिने अंदाजे चारशे किलोमीटर गटारं काढली, सगळी एकास पाचशे प्रमाणात, आणि त्यातल्या एकाही गटारात तिचा पाय पडला नव्हता. एके दिवशी तिच्या लक्षात आलं की आपण काढलेल्या रेषेतून खरंच पाणी वाहतं का, हे आपण कधी पाहिलेलंच नाही. मग तिने नोकरी सोडली. ऑपरेटरचा वर्ग केला, परवाना काढला, आणि बापाला म्हणाली की आता मला शिकवा. वर्गात सगळं कोरड्या मैदानावर शिकवलं होतं. तिथे तिला पैकीच्या पैकी मिळाले होते, आणि म्हणूनच उस्तादांचा त्या वर्गावर विश्वास नव्हता.

बेत असा होता: उस्ताद चालवणार, फूटपट्टी शेजारी उभी राहून शिकणार, आणि आई खाली उभी राहून चुका काढणार.

उस्तादांचं मत जगजाहीर होतं. ते टू-व्हीलवाले. चारही चाकांना जोर लागणाऱ्या मशीनबद्दल त्यांना जी चीड होती, ती एरवी माणसं भावकीसाठी राखून ठेवतात. फोर-व्हील चालवणारा म्हणजे दोन्ही हातांत काठ्या घेऊन सपाट रस्त्याने चालणारा इसम, असं ते म्हणायचे. मशीन चिखलात रुतलं तर त्याला मागे हात दिलाय तो कशासाठी? हात जमिनीत रोवायचा आणि मशीन ढकलायचं, नाहीतर हाताच्या टोकाच्या बकेटचे दात रोवून ओढून घ्यायचं. एकतीस वर्षांत आपल्या मशीनला ओढून काढायला कुणी साखळी लावलेली नाही, हे ते अशा सुरात सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, इतरांच्या मशीनला कुणी बेड्या घातल्यात.

फूटपट्टीचं म्हणणं वेगळं होतं. पुढची बकेट मातीने भरली की सगळा भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागची चाकं हलकी होतात. टू-व्हीलमध्ये जोर असतो तो नेमका मागच्याच चाकांना. म्हणजे ज्या पायांत ताकद आहे तेच अधांतरी, आणि ज्यांच्यावर ओझं ते नुसतेच पाहुणे. त्यातून आपली जमीन उताराची, मधला पट्टा बारा महिने ओला. फोर-व्हीलला पर्याय नाही.

आईचं मत खड्डा कधी, एवढंच होतं.

मामा हा आईचा धाकटा भाऊ. त्याचं केस कापायचं दुकान होतं, आणि बावीस वर्षं दुसऱ्यांची डोकी हातात धरून त्याला अशी सवय लागली होती की समोरचा नाही म्हणून मान हलवू शकत नाही. त्याने दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्या, दोन्ही मनगटं चोळली आणि तडजोड सुचवली: तीन चाकं. आईने त्याला चहा दिला, आणि विषय तेवढ्यावर मिटला.

वाद असा भिजत पडला. शेवटी फूटपट्टीने तिला जे येतं ते केलं. तिने तक्ता केला. ए-थ्री कागद, दोन उभे रकाने, डावीकडे टू-व्हील, उजवीकडे फोर-व्हील. आडव्या ओळींत मुद्दे: चढ, ओल, भरलेल्या बकेटने चढणं, अरुंद जागेत वळणं, टायरची झीज, दुरुस्तीची कटकट, किंमत. प्रत्येकाला गुण. टू-व्हील स्वस्त, हलकं, चटकन वळणारं, आणि पुढे बिघडायला काही नाहीच. तिथे तिने डावीकडे मोकळ्या हाताने गुण दिले. तरी बेरीज आली सेहेचाळीस विरुद्ध चौसष्ट. उजवीकडचा रकाना सहज जिंकत होता.

तिथे थांबली असती तर प्रश्न मिटला असता. पण ती प्रामाणिक होती, आणि प्रामाणिक माणसाला तक्ता करू देऊ नये. तिच्या मनात आलं की एक गोष्ट राहिली. टू-व्हीलची सगळी उणीव ज्या एका गोष्टीने भरून निघते, ती आपल्या घरातच आहे. मग तिने शेवटी आणखी एक ओळ आखली: "उस्ताद सोबत असणे". डावीकडे वीस गुण. उजवीकडे शून्य, कारण फोर-व्हीलला उस्तादांची गरज काय? पुन्हा बेरीज केली. सहासष्ट विरुद्ध चौसष्ट.

स्वतःच्याच तक्त्याने तिला दोन गुणांनी हरवलं. तिने बेरीज तीनदा तपासली, टायरच्या झिजेत तीन गुण इकडचे तिकडे करता येतील का हेही पाहिलं, पण हात धजला नाही. संध्याकाळी तो कागद तिने जेवणाच्या टेबलावर ठेवून दिला, पाण्याच्या तांब्याखाली, जशी हरलेली माणसं राजीनामा ठेवतात.

सकाळी तांब्या बाजूला होता. शेवटची ओळ पेन्सिलने खोडलेली होती.

फूटपट्टी बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिली. उस्ताद कागद वाचत नसत. पाण्याची मुख्य लाइन दोनदा फुटली होती ती त्यामुळेच. आज त्यांनी कागद वाचला होता आणि नेमकी त्यांच्या बाजूची ओळ खोडली होती. शिवाय रेघ विचित्र होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती थरथरत, वळणं घेत गेली होती. कचेरीत अशी रेघ ती फक्त नद्यांसाठी काढायची. तिला वाटलं, रागाच्या भरात मारलीय. कौतुकसुद्धा गुणांत मोजलं म्हणून चिडले असतील. दोघं चहा प्यायले. उस्ताद कप दोन्ही हातांनी धरून पीत होते आणि कप अर्धाच भरलेला होता. त्यांनी गोल गळ्याचा बनियनसारखा सदरा घातला होता. गेले काही महिने ते असलेच सदरे घालत होते. आई म्हणायची, म्हातारपणी हौस आलीय, येऊ दे.

दहा वाजता दोघं जुन्या मशीनच्या यार्डावर गेली.

यार्डवाला उस्तादांना पंचवीस वर्षं ओळखत होता. त्याच्याकडे मशीन रांगेने उभी होती; काहींना सीट नव्हती, काहींना हात नव्हता, एकाला नुसतीच सीट होती. यार्डाच्या एका कोपऱ्यात तीस-चाळीस फूट लांबीरुंदीचा चिखल होता. गिऱ्हाइकाला मशीन चालवून दाखवायला चिखल लागतो, आणि दर वेळी पावसावर कोण अवलंबून राहील, म्हणून यार्डवाला त्या कोपऱ्यात रोज पाइपने पाणी घालायचा. दोन वर्षं त्याने तो चिखल राखला होता. शेजारी चार फुलझाडं वाळून गेली होती, त्यांच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. चिखल जिवंत ठेवावा लागतो, असं त्याने फूटपट्टीला समजावून सांगितलं.

उस्ताद येणार म्हणजे टू-व्हीलच घेणार, हे गृहीत धरून त्याने एक टू-व्हील धुऊन, नवं सीटकव्हर चढवून पुढे आणून ठेवलं होतं. शेजारी त्याच वयाचं फोर-व्हील उभं होतं, न धुतलेलं. दोन्ही पिवळी. फरक एवढाच की एकाची पुढची चाकं लहान होती आणि दुसऱ्याची मोठी, अंगावर आल्यासारखी.

उस्तादांनी टू-व्हीलभोवती एक फेरी मारली. टायरला लाथ मारली. मग ते न धुतलेल्या मशीनपाशी गेले आणि म्हणाले, "हे."

यार्डवाल्याने ते कशाकडे बोट दाखवताहेत ते पाहिलं. मग त्या मशीनच्या मागे आणखी काही उभं आहे का तेही पाहिलं. त्याने अदबीने आठवण करून दिली की उस्ताद, हे फोर-व्हील आहे. उस्ताद म्हणाले की मला मोजता येतं.

फूटपट्टीला आनंद व्हायला हवा होता. ती रात्रभर मुद्दे पाठ करून, कमरेला पदर खोचल्यासारखी आली होती, आणि समोरच्याने लढाईआधीच किल्ल्याची किल्ली हातात ठेवली होती. असं कुणी केलं की किल्ल्यातच काहीतरी गडबड आहे असा संशय येतो. तिने त्यांना बसून बघा म्हटलं. त्यांनी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. ज्या माणसाने रस्त्याने जाताना दिसेल त्या मशीनवर चढून ऑपरेटरला खाली उतरवलं होतं, एकदा तर लग्नाला जाताना, कोट घालून, तो माणूस दोन तयार मशीन समोर असताना हात पाठीमागे बांधून उभा होता.

मग ती हट्टाने धुतलेल्या टू-व्हीलवर चढली. स्वतःच्या तक्त्याची परीक्षा घ्यावी म्हणून तिने पुढची बकेट मातीने भरून घेतली आणि मशीन सरळ राखलेल्या चिखलात घातलं. तक्ता बरोबर निघाला. आठ-दहा फुटांवर पुढची चाकं बसली, मागची हलकी झाली आणि जागच्या जागी फिरत राहिली. यार्डवाल्याच्या तोंडावर समाधान पसरलं. त्याच्या चिखलाने नाव राखलं होतं. तो साखळी आणायला निघाला.

"साखळी नको," उस्ताद म्हणाले.

आणि ते चिखलातून चालत गेले आणि दोन ढांगांत वर चढले. गुडघ्याने काही तक्रार केली नाही. केबिन एका माणसाची. फूटपट्टी सीटमागच्या काचेला पाठ लावून अंग चोरून उभी राहिली. उस्तादांनी सीट मागच्या बाजूला फिरवली, बसले, आणि मागच्या हाताच्या दांड्यांवर आपले हात ठेवले.

हात मिटले नाहीत.

दांडीच्या गोळ्यावर बोटं नुसती टेकली. त्यांनी ओढायला घेतलं तशी ती निसटली. पुन्हा ठेवली, पुन्हा निसटली. मशीन गुरगुरत होतं आणि उस्ताद स्वतःच्या बोटांकडे असे बघत होते, जसं बोलावूनही न उठणाऱ्या पाहुण्याकडे बघतात. फूटपट्टीला एकदम ती पेन्सिलची रेघ आठवली. राग नव्हता त्यात. ती नदी होती खरी, पण काढणाऱ्याला सरळ रेघ काढायची होती.

तिने विचारलं, कधीपासून.

"चार महिने. बोटं झोपलेली असतात." त्यांनी हात मांडीवर ठेवले. "डॉक्टर म्हणतो, एकतीस वर्षं हादरे खाल्ले, शिरा दमल्या. तळहात चांगला आहे. बोटं काही परत यायची नाहीत म्हणतो, निदान सगळी तरी."

आईला माहीत आहे का, असं तिने विचारलं. उस्ताद म्हणाले की आधी महिनाभर ती बटणं लावून देत होती. मग तिलाच कंटाळा आला, आणि तिने गोल गळ्याचे सहा सदरे आणले.

खाली यार्डवाला साखळी हातात घेऊन उभा होता. उस्तादांनी एकदा त्या साखळीकडे पाहिलं आणि ते सीटवरून उठले. फूटपट्टीला बसवलं आणि आपण काचेला टेकले. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. आधी पुढची माती तिथेच ओत. बकेट जराशी उचलून ठेव, घासू देऊ नको. आता मागचा हात लांब कर. आणखी. अगं हात लांब कर म्हटलं, हस्तांदोलन नाही करायचं. मागे कोरडी जमीन दिसतेय तिथे दात रोव. रोवलेस? आता ओढ, पण माती नाही ओढायची, स्वतःला ओढायचं. तिने ओढलं. दात निसटले. पुन्हा रोवले, जास्त खोल. मशीन कण्हलं, एक वीतभर मागे सरकलं. पुन्हा. चौथ्या खेपेला मागची चाकं कोरड्यावर आली आणि बाकीचं मशीन, गाठीचं पोतं दारातून आत घ्यावं तसं, हळूहळू चिखलातून बाहेर आलं.

यार्डवाल्याने साखळी खाली ठेवली. त्याला जरा वाईटच वाटलं.

फूटपट्टी खाली उतरली ती थेट त्याच्यासमोर गेली आणि म्हणाली की टू-व्हील घेतो. उस्ताद मागून म्हणाले की फोर-व्हील. यार्डवाल्याने सांगितलं की सबंध बाजाराला माहीत आहे, बाप टू-व्हीलवाला आणि लेक फोर-व्हीलवाली; तुम्ही वाटेत अदलाबदल केली असेल तर मला तसं सांगा, मी सीटकव्हर काढून दुसरीकडे लावतो.

पण फूटपट्टी ऐकेना. फोर-व्हील घेणं म्हणजे उस्तादांच्या नावावर स्वतःच्या हाताने रेघ मारणं, असं तिला वाटत होतं. मग त्या जमिनीवर त्यांनी करायचं काय? खुर्ची टाकून बसायचं? तिने तक्ता बाहेर काढला, मशीनच्या गरम बॉनेटवर पसरला आणि खोडलेली ओळ रबराने मोकळी करू लागली.

"तुम्ही वरून सांगितलंत, माझं निघालं," ती म्हणाली. "म्हणजे वीस गुण खरे आहेत. ही ओळ राहणार."

"राहू दे की," उस्ताद म्हणाले. "पण हे वीस तू कशाचे दिलेस?"

"तुम्ही सोबत असण्याचे."

"मग उजवीकडे शून्य का? फोर-व्हील घेतलंस तर मी घरी बसणारे का? दोन्हीकडे वीस लिही आणि कर बेरीज."

फूटपट्टीने पेन्सिल उचलली आणि तशीच धरून ठेवली. बेरीज तिने डोक्यातच केली होती.

"आणि एक दिवस मी नसेन," उस्ताद पुढे म्हणाले, वळणं घेत वाहणाऱ्या त्या अर्धवट पुसलेल्या रेघेवर तळहात ठेवून, "तेव्हा दोन्हीकडे शून्य. फरक तोच. म्हणून खोडली. मी काय रागावलो होतो वाटलं तुला?"

ती म्हणाली की हो, तसंच वाटलं. ते म्हणाले की नऊ वर्षं नकाशे काढूनही तुला साधी रेघ वाचता येत नाही.

यार्डवाला दुसरीकडे बघत होता. माणसं यार्डात घासाघीस करताना त्याने पुष्कळ पाहिली होती. या दोघांची घासाघीस कशावर चाललीय हे त्याला नीट कळलं नव्हतं, पण मध्ये पडू नये एवढं कळलं. त्याने काहीतरी करायचं म्हणून न धुतलेल्या फोर-व्हीलवर चढून ते चालू केलं, पुढच्या चाकांचा जोर बंद-चालू करायचं बटण दाखवलं, आणि खोदण्याची तयारी करतात तशी पुढची बकेट जमिनीवर दाबली आणि मागचे दोन्ही जॅक, म्हणजे लोखंडी पाय, खाली सोडले. मशीन आपल्या पायांवर उभं राहिलं. मोठमोठी चारही चाकं जमीन सोडून वर उचलली गेली.

फूटपट्टी त्या चाकांकडे बघत राहिली. तिच्या तक्त्यात सात मुद्दे होते आणि त्यांतले कामाचे सगळे जाण्याचे-येण्याचे होते. चढ, ओल, वळण. खोदण्याची एकही ओळ तिने आखलेली नव्हती. कारण खोदताना चाकं हवेत असतात. तिथे दोन काय आणि चार काय. मामाची तीनसुद्धा चालली असती.

तळहात चांगला आहे, असं डॉक्टर म्हणाला होता ना, तिने विचारलं. उस्तादांनी मान हलवली. दांडी धरायला बोटं लागतात, पण ढकलायला? उस्ताद म्हणाले की ढकलायला धरावं लागत नाही, पण दांडीचा गोळा लिंबाएवढा, तळहात त्याच्यावर ठरत नाही. ओढायचं तर त्याहून नाही.

"गोळा मोठा असला तर?"

उस्तादांचे हात पाठीमागून पुढे आले.

त्यांनी फोर-व्हील घेतलं. संध्याकाळी फूटपट्टी मामाच्या दुकानात गेली. मामाला मनगटदुखी होती, आणि तो दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये रबरी चेंडू दाबत बसायचा. असे चार चेंडू त्याच्या आरशाखाली पावडरच्या डब्याशेजारी ठेवलेले असायचे. त्यातले दोन तिने मागितले. मामाने कशाला म्हणून विचारलं. तिने सांगितलं. मामाने सगळं ऐकून घेतलं, हातातल्या गिऱ्हाइकाचं डोकं सोडलं, आणि चारही दिले. वर म्हणाला की तीन चाकांचं बोललो तेव्हा तुम्ही माझं ऐकलं नाहीत, पण मी मनात ठेवत नाही.

पुढचे सहा दिवस जमिनीवर फूटपट्टीने चालवलं. उस्ताद काचेला टेकून उभे. त्यांचा नियम एकच होता: पुढच्या चाकांचं बटण बंद. रुतलीस तर आधी हात वापर. हाताने नाहीच निघालं तर मग बटण. ती पहिल्या दिवशी पाच वेळा रुतली, दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी, भरलेली बकेट घेऊन ओल्या पट्ट्यातून चढताना, उस्ताद स्वतःच म्हणाले, "दाब आता. उगाच मोठेपणा नको." पुढच्या चाकांनी माती पकडली आणि मशीन वर चढलं. वर पोचल्यावर उस्ताद खाली उतरून पुढच्या टायरपाशी गेले आणि त्याला त्यांनी लाथ मारली नाही.

सातव्या दिवशी मशीन सपाटीवर नेलं. चार खुंट्यांपासून तीस पावलांवर, आईने तीन आठवड्यांपूर्वी चुन्याने चौकोन आखला होता तिथे. फूटपट्टीने मशीन नीट लावलं, पुढची बकेट दाबली, जॅक सोडले आणि ती सीटवरून उठली. मागच्या दांड्यांवर दोन चेंडू होते, मधून चिरून गोळ्यांवर चढवलेले, वरून पक्क्या पट्टीने गुंडाळलेले. एक लाल आणि एक निळा, कारण मामाकडे जोडीचे नव्हते. चेंडूंच्या पुढच्या बाजूने तिने जुन्या पट्ट्याचं एकेक कातडं फिरवलं होतं, म्हणजे मनगट अडकवून ओढता यावं.

उस्ताद बसले. कातड्यांत मनगटं सरकवली, चेंडूंवर तळहात टेकले. गोल गळ्याचा सदरा जरा खाली ओढला. नंतर बराच वेळ ते नुसतेच बसून राहिले, इतका वेळ की आईने खालून विचारलं, अहो, आज की उद्या.

पहिली बकेट वाकडी पडली. चौकोनाच्या बाहेर टीचभर. दुसरीही. तिसऱ्या बकेटला दात चुन्याच्या रेषेवर टेकले, थांबले, आणि रेषेच्या आतली माती अलगद, भाताच्या ढिगाला हात घालावा तशी, उचलून बाजूला गेली. फूटपट्टी काचेला टेकून होती. तिला सांगायला काही नव्हतं. मशीन चालवणाऱ्याच्या मागे उभं राहून गप्प बसणं किती अवघड असतं, हे तिला तेव्हा कळलं, आणि सहा दिवसांत उस्ताद किती कमी बोलले होते हेही.

खड्डा कमरेएवढा झाला तेव्हा आईने फूटपट्टीकडून टेप मागून घेतला, वाकून मापलं आणि वर ओरडून सांगितलं की डावीकडे सहा इंच जास्त गेलंय.

उस्तादांनी इंजिन बारीक केलं. खिडकीतून खाली बघितलं. आपल्या मालकीच्या जमिनीतला, आपल्या हातचा, डावीकडे सहा इंच चुकलेला तो खड्डा त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिला.

"राहू दे," ते म्हणाले. "आपलाच आहे."

फूटपट्टी खाली उतरली. मशीन बकेट आणि जॅकवर निवांत उभं होतं. पुढचं डावं चाक जमीन सोडून वर होतं, आणि त्याला दलदलीतला चिखल लागला होता तो वाळून थोडा थोडा गळत होता. तिने खाली वाकून चाक आणि जमीन यांच्यामध्ये हात घातला. चार बोटं आरामात जात होती.